घाटाची सायकल शर्यत: गिअरच्या हिशेबापासून माथ्यावरून खाली येईपर्यंत

घाटाच्या शर्यतीत बहुतेकांचा वेळ जातो तो शेवटच्या तिसऱ्या भागात. मांड्या भरून येतात, पेडल अडखळायला लागतं, कुणी उतरून सायकल ढकलू लागतं. त्याची कारणं मात्र बहुतेक वेळा खूप आधी घडलेली असतात आणि ती प्रामुख्याने दोन आहेत: सायकलला लावलेला जड गिअर आणि पहिल्या दहा मिनिटांतली घाई. ताकद वाढवणं, वजन उतरवणं ही महिन्यांची कामं आहेत. गिअर एका दुपारी बदलता येतो, आणि सुरुवातीला स्वतःला आवरायला तर काहीच खर्च नाही. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींना सगळ्यांत जास्त जागा दिली आहे.

मार्ग आधी कागदावर चढा

चढाचे टक्के म्हणजे 100 मीटर पुढे गेल्यावर किती मीटर उंची मिळते ते. 8 टक्के म्हणजे 100 मीटरला 8 मीटर. शर्यतीच्या पत्रकात बहुधा पूर्ण मार्गाची सरासरी दिलेली असते, आणि फसगत तिथूनच सुरू होते.

फ्रान्समधल्या माँ व्हाँतूचं उदाहरण घ्या. बेदवाँ गावातून वर जाणारा रस्ता सुमारे 21 किलोमीटरचा, सरासरी साडेसात टक्के. पण पहिले पाच-सहा किलोमीटर त्या मानाने सौम्य आहेत. त्यानंतर रस्ता जंगलात शिरतो आणि नऊ-दहा किलोमीटर सलग नऊ टक्क्यांच्या वर राहतो. श्वास सोडायला जागा देत नाही. जंगल संपल्यावर चढ थोडा ढिला पडतो, पण शेवटचे सहा किलोमीटर उघड्या डोंगरावर आहेत आणि तिथं वाऱ्याशी गाठ असते. साडेसात टक्क्यांचा आकडा यातलं काहीच सांगत नाही. स्पेनमधल्या आंग्लिरूवर हाच प्रकार आणखी टोकाचा आहे: साडेबारा किलोमीटर, सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास, आणि वरच्या भागात एक तुकडा 23 टक्क्यांच्याही वर.

म्हणून मार्गाचा उंचीचा आलेख मिळवा आणि त्याचे अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याचे टक्के लिहा. मग त्यातून एवढंच वेगळं काढा: सर्वांत कडक तुकडा कुठं सुरू होतो आणि किती लांब आहे, चढ कुठं ढिला पडतो, झाडी संपून वारा कुठं लागतो, पाणी कुठं मिळतं, शेवटचा किलोमीटर कसा आहे. चार-पाच नोंदींची चिठ्ठी करून टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवर, पारदर्शक टेपने चिकटवा. याहून जास्त लिहिलंत तर धाप लागलेली असताना वाचता येणार नाही.

हँडलबारवरच्या कॉम्प्युटरवर दिसणारे टक्के काही सेकंद उशिरा बदलतात. कडक वळण सुरू झाल्यावर आकडा वाढतो तोपर्यंत गिअर टाकायची वेळ निघून गेलेली असते. रस्त्याकडे बघून ठरवायची सवय लावा.

जमलं तर शर्यतीआधी एकदा मार्ग सावकाश चढून या. काही ठिकाणी ते शक्यच नसतं. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनच्या रस्त्यावर शर्यत किंवा आयोजकांनी ठेवलेला सराव सोडला तर एरवी सायकलींना बंदी आहे. अशा वेळी आलेख हाच आधार.

उभा वेग: सगळ्या हिशेबाचं मूळ

68 किलोचा स्वार, सायकल-कपडे-पाणी मिळून आणखी 10 किलो, आणि तासभर टिकणारी ताकद 220 वॅट धरू. 8 टक्क्यांच्या चढावर त्याचा वेग ताशी साधारण साडेअकरा किलोमीटर येतो. या वेगाला त्याच्या वाटेत येणाऱ्या विरोधापैकी सुमारे 90 टक्के वाटा गुरुत्वाकर्षणाचा असतो. टायरचं घर्षण आणि हवा मिळून बाकीचा. सपाटीवर हवेशी झुंजायचं असतं, इथं वजनाशी.

यातून एक सोयीची गोष्ट निघते. चढ 8 टक्के असो की 12, तुम्ही तासाला किती मीटर उंची कमावता हा आकडा फारसा बदलत नाही. त्याला उभा वेग म्हणू. तो असा काढा: सहा टक्क्यांहून जास्त, शक्यतो एकसारखा चढ निवडा. 20 मिनिटं पूर्ण जोर लावून, पण एका लयीत चढा. किती मीटर उंची मिळाली ते बघा आणि तीनने गुणा. 20 मिनिटांत 300 मीटर मिळाले तर ताशी 900. तासाभराच्या शर्यतीसाठी त्यातून पाच-सहा टक्के वजा करा, म्हणजे 850. शर्यत दीड तासाची असेल तर आणखी थोडे.

आता कुठल्याही चढावरचा वेग काढता येतो: उभा वेग भागिले चढाच्या टक्क्यांची दहापट. 850 उभा वेग असलेला स्वार 15 टक्क्यांच्या तुकड्यावर 850 ÷ 150, म्हणजे ताशी 5.7 किलोमीटरने जाईल. पूर्ण शर्यतीची वेळही यातूनच कळते. एकूण चढाई 960 मीटर असेल तर 68 मिनिटांच्या आसपास.

वजनाचा हिशेबही इथंच मांडून टाकू. वर घेतलेल्या स्वाराला 8 टक्क्यांचे 12 किलोमीटर चढायला सुमारे 63 मिनिटं लागतात, आणि एक किलो वजन कमी झालं तर साधारण 45 सेकंद वाचतात. हे वजन चाकातलं आहे की बाटलीतलं याने एकसारख्या चढावर फरक पडत नाही. हलक्या चाकांवर पैसे घालण्याआधी सॅडलखालची पिशवी, कुलूप, मडगार्ड, दिवे आणि दुसरी भरलेली बाटली काढा. बहुतेक सायकलींवरून असा एक-दीड किलो सहज निघतो.

गिअर: पायांच्या आधी हे ठरवा

रोड सायकलच्या चाकाचा घेर सुमारे 2.1 मीटर असतो. त्यावरून कॅडेन्सचं, म्हणजे मिनिटाला पेडलचे किती फेरे होतात याचं, सोपं सूत्र मिळतं:

कॅडेन्स = वेग (ताशी किमी) × 8 ÷ गिअरचं गुणोत्तर

गुणोत्तर म्हणजे पुढच्या चेनरिंगचे (पेडलजवळच्या चक्राचे) दाते भागिले मागच्या चक्रीचे दाते. 34 दात्यांची रिंग आणि 28 ची चक्री असेल तर 1.21. दोन्हीकडे 34 असतील तर 1.

220 वॅटच्या त्याच स्वाराला सर्वांत हलका गिअर 34-28 देऊन तीन चढांवर पाठवू:

8 टक्के: वेग ताशी 11.4 किमी, कॅडेन्स 75. उत्तम चाललंय.
12 टक्के: वेग 8.1, कॅडेन्स 53. पाय जड पडायला लागले.
18 टक्के: वेग 5.5, कॅडेन्स 36. प्रत्येक फेऱ्यात पेडल वरच्या टोकाला अडकतं.

36 च्या कॅडेन्सवर फार वेळ कुणी राहत नाही. मग स्वार काय करतो? उभा राहतो आणि जोर लावून फेरे 40 वर नेतो. पण या गिअरमध्ये 18 टक्क्यांवर 40 फेरे मारायचे तर 240 वॅटच्या वर लागतात, आणि त्याची तासभराची ताकद 220 आहे. म्हणजे त्या तुकड्यावर दम खाण्याची सोयच उरत नाही: हळू जावं तर सायकल थांबते, चालत ठेवावी तर ताकदीबाहेर जावं लागतं. त्याच जागी पुढे 30 आणि मागे 40 दाते असते तर 50 च्या कॅडेन्सला 190 वॅटच्या आसपास पुरले असते. हलका गिअर वेग वाढवत नाही. वेग कमी करून सावरण्याची मुभा देतो. तासाभराच्या चढात ही मुभा किमान दोन-तीनदा लागते.

तेव्हा आपला गिअर असा ठरवा. 300 मीटरहून लांब असा सर्वांत कडक तुकडा घ्या. त्यावरचा आपला वेग उभ्या वेगावरून काढा. त्याला 8 ने गुणा आणि 60 ने भागा. जे गुणोत्तर येईल तो तुमचा सर्वांत हलका गिअर. वरच्या 15 टक्क्यांच्या उदाहरणात 5.7 × 8 ÷ 60 = 0.76. म्हणजे 30-40 किंवा 32-42. "एवढा हलका गिअर नवख्यांसाठी" असं ऐकायला मिळेल, सूत्राचं ऐका. आकड्यावर शंका असेल तर एक चक्री हलकी घ्या, जड नको.

बदल करताना अडतं कुठं

मोठी कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) घ्यायची तर मागचं डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, ती सांभाळतं का, हे आधी बघा. डिरेलरला दोन मर्यादा असतात. एक, सर्वांत मोठी चक्री किती दात्यांची चालते. दोन, एकूण क्षमता: पुढच्या दोन रिंगांमधला फरक अधिक कॅसेटच्या मोठ्या-लहान चक्रीतला फरक. 50-34 च्या रिंगा आणि 11-34 ची कॅसेट असेल तर 16 + 23 = 39. डिरेलरची क्षमता याहून कमी असेल तर लांब पिंजऱ्याचं, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग लांब असलेलं, डिरेलर लागेल.

कॅसेट वाढली की चेनही लांब लागते, आणि हे विसरण्याची किंमत मोठी आहे. जुन्या चेनवर पुढची मोठी रिंग आणि मागची मोठी चक्री एकदम पडली तर चेन ताणून डिरेलर उपटलं जातं, कधी कधी फ्रेमचा हँगर (डिरेलर जिथं बसतं तो तुकडा) वाकतो. लांबी ठरवण्यासाठी चेन डिरेलरमधून न घालता थेट मोठ्या रिंगवरून मोठ्या चक्रीवर गुंडाळा, टोकं जिथं जुळतात त्यात एक इंच, म्हणजे दोन कड्या, वाढवा आणि तिथं तोडा.

मग दोन स्क्रू. बी स्क्रूने डिरेलरची वरची छोटी चक्री आणि कॅसेटची सर्वांत मोठी चक्री यांत पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवा. नेमका आकडा डिरेलरच्या माहितीपत्रकात असतो. अंतर फार कमी असेल तर हलक्या गिअरमध्ये घरघर येते. दुसरा लो लिमिट स्क्रू. चेन सर्वांत मोठ्या चक्रीवर असताना डिरेलर हाताने चाकाकडे ढकला. चेन चक्रीपलीकडे स्पोककडे जायला बघत असेल तर स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळा. चेन स्पोकमध्ये गेली तर शर्यत तिथंच संपते, बहुतेक वेळा डिरेलरसकट.

स्टँडवर सगळं गुळगुळीत चालतं म्हणून समाधान मानू नका. खऱ्या कडक चढावर जाऊन, पेडलवर भार असताना प्रत्येक हलका गिअर टाकून बघा. हँगर किंचित वाकलेला असेल तर तो तिथंच कळतो. हे काम शर्यतीच्या किमान दोन आठवडे आधी उरका. त्याच वेळी चेन मोजा: 11 आणि 12 चक्र्यांच्या सायकलवर अर्धा टक्का ताणलेली चेन बदलावी, जुन्या रुंद चेनला पाऊण टक्क्यापर्यंत चालतं. शेवटी चाक उचलून फिरवा आणि ब्रेक कुठं घासत नाही ना ते बघा. घासणारा पॅड तासभर तुमची ताकद खातो आणि धापेत त्याचा आवाजही ऐकू येत नाही.

सराव

आठ ते दहा आठवडे हाताशी असतील तर आठवड्याला दोन जोराचे दिवस पुरतात. बाकीचे दिवस सावकाश, बोलता येईल अशा वेगाने.

पहिला दिवस लांब टप्प्यांचा: 12 मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये पाच-पाच मिनिटं हलकं, मग आठवड्यागणिक वाढवत 20 मिनिटांचे दोन. जोर शर्यतीएवढाच, त्याहून जास्त नाही. शेवटचा टप्पा पहिल्याएवढ्याच वेगाने जमला नाही तर पहिला टप्पा जोरात झाला, असं समजा. ही सवय शर्यतीत थेट कामाला येते.

दुसरा दिवस कडक चढाची तयारी: सहा मिनिटांचे चार टप्पे, मुद्दाम जड गिअरमध्ये, 50 ते 55 कॅडेन्सने, बसून. घाटात पाय कसे जड पडतात ते इथं शिकता येतं. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखलं तर थांबा आणि सॅडल फार खाली किंवा फार पुढे नाही ना ते तपासा.

जवळ लांब चढ नसेल तर ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) पुढचं चाक 10 ते 12 सेंटिमीटर उंच ठेवून हेच करा. शरीराचा कोन बदलतो, कमरेला त्याची ओळख होते. सपाट रस्त्यावर समोरून वारा असेल तो दिवसही चांगला. पायांवर सलग भार येतो, उतार मिळत नाही.

शेवटच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणा, पण जोराचे छोटे तुकडे ठेवा. पूर्ण विश्रांती घेतली तर पाय सुस्तावतात. वजन कमी करायचं असेल तर ते त्याआधीचं काम, आणि आठवड्याला अर्ध्या किलोहून जास्त नाही. शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे पोटभर जेवा. उपाशी राहून उतरवलेला किलो ताकदही घेऊन जातो.

सकाळी

शेवटचं जेवण सुरुवातीच्या तीन तास आधी: पिष्टमय, कमी तेलाचं, नेहमीच्या सवयीचं. कॉफी नेहमी घेत असाल तर तासभर आधी घ्या.

लांबच्या सपाट शर्यतीत पहिले काही किलोमीटर अंग तापवायला मिळतात. घाटाच्या शर्यतीत पहिल्या मिनिटापासून पूर्ण भार असतो, म्हणून इथं वॉर्मअप टाळता येत नाही. 20 ते 25 मिनिटं: दहा मिनिटं हलकं, मग पाच मिनिटं वाढवत शर्यतीच्या जोरापर्यंत, त्यानंतर एकेक मिनिटाचे दोन जोराचे तुकडे, शेवटी हलकं. सुरुवातीच्या रांगेत उभं राहायच्या पाच-दहा मिनिटं आधी संपवा आणि अंगावर काहीतरी चढवून गरम राहा.

रांगेत लागण्यापूर्वी गिअर बघून घ्या. सुरुवात चढावर असेल तर हलक्या गिअरमध्येच उभे राहा. आणि रांगेत जागा आपल्या वेळेप्रमाणे घ्या. वेगवानांच्या घोळक्यात पुढे उभं राहिलं की त्यांच्याबरोबर ओढलं जाणं ठरलेलं.

पहिली दहा मिनिटं

सुरुवात झाली की पाय हलके वाटतात, नाडी अजून वर चढलेली नसते आणि सगळे पुढे पळत असतात. ही तिन्ही चिन्हं खोटी आहेत. नाडीला खऱ्या श्रमापर्यंत पोचायला दोन-तीन मिनिटं लागतात, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

घाईची किंमत मोजून दाखवता येते. तासभर 220 वॅट टिकवणारा स्वार पहिली आठ मिनिटं 250 ने गेला, तर त्याने 30 वॅट गुणिले 480 सेकंद, म्हणजे 14,400 ज्यूल जास्तीचे खर्चले. सराव असलेल्या हौशी स्वाराकडे तासभराच्या मर्यादेच्या वरचा असा साठा साधारण 15 ते 20 हजार ज्यूल असतो. जवळजवळ सगळा साठा आठ मिनिटांत संपला, आणि तो भरून यायला मर्यादेच्या खाली जावं लागतं, जे घाटात सहज मिळत नाही. अशा सुरुवातीतून मिळतात जेमतेम मिनिटभराच्या आसपासचे सेकंद. शेवटच्या भागात त्याच्या कितीतरी पट जातात.

पॉवर मीटर (पायांची ताकद वॅटमध्ये दाखवणारं यंत्र) असेल तर पहिली दहा मिनिटं ठरवलेल्या आकड्याच्या चार-पाच टक्के खाली ठेवा: 220 ऐवजी 210. नसेल तर श्वासावर जा. पहिल्या दहा मिनिटांत पाच-सहा शब्दांचं वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. मधल्या भागात दोन-तीन शब्द. शेवटच्या दीड-दोन किलोमीटरमध्ये बोलता आलं नाही तर हरकत नाही. पहिल्या पाच मिनिटांत लोक पुढे जातील, जाऊ द्या. त्यांच्यातले बरेच अर्ध्या तासात पुन्हा भेटतात.

फ्रान्समधल्या आल्प द्युएझसारख्या रस्त्यावर हे आणखी महत्त्वाचं. 13.8 किलोमीटर, सरासरी 8.1 टक्के, 21 हेअरपिन वळणं, आणि सर्वांत कडक चढ अगदी तळाशीच. पाय ताजे असतात तेव्हाच रस्ता डिवचतो. तिथं सर्वांत हलका गिअर सुरुवातीलाच टाकण्यात कमीपणा नाही.

मधला घाट

चढ एकसारखा नसतो, तेव्हा जोरही काटेकोर एकसारखा नको. कडक तुकड्यावर पाच ते दहा टक्के जास्त आणि सौम्य तुकड्यावर तेवढेच कमी, असं केल्यास एकूण वेळ थोडा घटतो, कारण कडक भागात तुम्ही जास्त वेळ घालवता. पण ही सूट दीड-दोन मिनिटांच्या तुकड्यांपुरती. दोन किलोमीटर कडक भाग असेल तर नेहमीच्या जोरावरच राहा.

गिअर चढ येण्याआधी हलका करा. वळणाच्या दहा मीटर आधी, पेडलवरचा भार अर्धा फेरा ढिला सोडून, एक-एक चक्री. पुढची रिंग बदलायची असेल तर ती आणखी आधी, सौम्य जागी. भर चढावर जोर लावून रिंग बदलली की चेन पडते. पडलीच तर घाबरून थांबू नका: शिफ्टर मोठ्या रिंगकडे ढकला आणि पेडल हलकेच पुढे फिरवा, बहुतेक वेळा चेन स्वतःच चढते. पेडल अडलं तर जोर देऊ नका, उतरा.

बसण्याची पद्धत चढाप्रमाणे बदला. दहा टक्क्यांपर्यंत सॅडलवर मागे, हात वरच्या बारवर, खांदे सैल. पंधराच्या पुढे सॅडलच्या टोकाकडे सरका, कोपरं वाकवा, छाती हँडलबारकडे न्या. नाहीतर प्रत्येक फेऱ्याला पुढचं चाक उचलतं आणि सायकल डावी-उजवीकडे भरकटते. रस्ता ओला किंवा बारीक खडीचा असेल तर उलट अडचण येते: उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते घसरतं. अशा जागी बसूनच चढा.

उभं राहून चालवणं महाग पडतं, पण कमरेला आणि पार्श्वभागाला तेच सोडवतं. दर तीन-चार मिनिटांनी 15-20 फेरे उभं राहा. उठण्याआधी एक चक्री जड करा, नाहीतर पाय रिकामे फिरतात. आणि उठा ते पेडल खाली ढकलत असताना. नुसतं उठलं की सायकल हातभर मागे येते आणि मागच्याचं चाक तुमच्या चाकाला लागतं.

हेअरपिन वळणात आतली कड सर्वांत उभी असते, बाहेरची सौम्य. आतून अंतर वाचतं, पण लय तुटते. रस्ता वाहनांना पूर्ण बंद असेल तर मधून किंवा बाहेरून घ्या आणि वळणात मिळालेला सौम्यपणा श्वास घ्यायला वापरा. तिथं जोर मारून पुढच्याला गाठायचा मोह होतो. रस्ता चालू असेल तर आपली बाजू सोडायची नाही, एवढाच नियम.

दुसऱ्याच्या मागे राहण्याचा फायदा ताशी 11 किलोमीटरला नगण्य असतो. वारा आला की सगळं बदलतं. 8 टक्क्यांवर ताशी साडेअकराने चाललेला आपला स्वार समोरून ताशी 25 किलोमीटरचा वारा लागला की त्याच ताकदीत नऊच्या आसपास येतो. झाडी संपण्याआधी कुणाच्या तरी मागे लागायचं ते ठरवा. उघड्यावर गेल्यावर एकट्याने गट गाठणं फार महागात पडतं. माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर 1934 साली ताशी 372 किलोमीटरचा वारा नोंदला गेला होता. शर्यतीच्या दिवशी तसं काही नसतं, पण माथ्याचं हवामान पायथ्यावरून ओळखू नये.

पाणी आणि ऊर्जा देणारं जेल सौम्य जागीच घ्या. कडक चढावर ताशी सहा किलोमीटरने जाताना एक हात सोडला की सायकल झोके घेते. तासाभराच्या शर्यतीला अर्धा लिटर पाणी पुरतं. दीड तासाची असेल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम साखर पोटात जाऊ द्या, थोडी-थोडी करून. या वेगाला अंगाला वारा लागत नाही, म्हणून ऊन असेल तर जर्सीची चेन उघडा आणि मानेवर पाणी ओता.

थांबावंच लागलं तर

15 टक्क्यांवर थांबल्यावर पुन्हा निघणं हीच एक कसरत आहे, आणि सरावात ती कुणी करत नाही. क्रम असा:

1. आधी मागून कुणी येत नाही ना ते बघा आणि सायकल रस्त्याला आडवी-तिरकी उभी करा. तिरक्या रेषेत चढ कमी होतो.
2. दोन्ही ब्रेक दाबून ठेवा. गिअर सर्वांत हलका आहे याची खात्री करा. नसेल तर मागचा ब्रेक तेवढ्यापुरता सोडून, मागचं चाक उचलून पेडल फिरवा.
3. एक बूट पेडलच्या क्लिपमध्ये अडकवा आणि ते पेडल घड्याळात दोन वाजता काटा असतो तिथं आणा.
4. ब्रेक सोडता सोडता त्या पेडलवर पूर्ण भार द्या आणि सॅडलवर बसा.
5. दुसरा बूट लगेच अडकला नाही तर शोधत बसू नका. तळव्याने तसंच पेडल दाबत तीन-चार फेरे मारा, वेग आला की अडकवा.
6. मग हळूहळू सरळ रेषेत या.

नागमोडी चालवूनही कडक तुकडा निघतो, पण मागच्यांना तुमची दिशा कळत नाही. आजूबाजूला कुणी असेल तर ते करू नका. पायी जावं लागलं तर रस्त्याची कड धरा.

पोटरीत गोळा यायला लागला तर लगेच एक गिअर हलका करा, टाच थोडी खाली सोडून चालवा आणि दोन मिनिटं जोर कमी ठेवा. छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, थंडी वाजून घाम यापैकी काहीही झालं तर थांबा आणि मदत मागा.

वरचा भाग आणि परतीची वाट

माथा 2000 मीटरच्या आसपास किंवा वर असेल तर विरळ हवेमुळे ताकद काही टक्के कमी भरते. तिथं पॉवर मीटरचा तळाचा आकडा धरून बसू नका, श्वासावर चाला. जोर वाढवायचा तो शेवटच्या दीड-दोन किलोमीटरमध्ये, आणि तोही शेवटचा चढ कसा आहे ते बघून. माउंट वॉशिंग्टनच्या 12.2 किलोमीटरची सरासरी 12 टक्के आहे, आणि अंतिम रेषेआधीचे शेवटचे शंभरेक मीटर 22 टक्क्यांचे. अशा ठिकाणी वीस-तीस सेकंदांचा जोर राखून ठेवलेला असला पाहिजे.

रेषा ओलांडली की लगेच थांबू नका, मागून लोक येत असतात. पुढे जाऊन बाजूला व्हा. मग पहिलं काम कोरडे कपडे. दर 1000 मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, अंग घामाने भिजलेलं असतं, आणि उतारावर ताशी 40 किलोमीटरचा वारा लागतो. आयोजक सामान वर नेत असतील तर त्या पिशवीत कोरडी बनियन, वारा अडवणारं जॅकेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि कानटोपी ठेवा. थंडीने बोटं आखडली की ब्रेक दाबता येत नाहीत.

उतरायची परवानगी आहे का, हे नाव नोंदवतानाच विचारा. काही शर्यतींत गटागटाने सोडतात. माउंट वॉशिंग्टनवर सायकलने उतरायला मनाई आहे, खाली आणायला गाडी आधीच ठरवावी लागते. स्वतः उतरणार असाल तर एक ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप सोबत घ्या. इथं वजन वाचवू नका. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवला तर रिम किंवा डिस्क तापते. रिम ब्रेकच्या सायकलवर त्या उष्णतेने ट्यूब फुटते. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवा, मग सोडा आणि चाकांना थंड होऊ द्या. चढणारे स्वार अजून रस्त्यावर असतील तर त्यांच्या बाजूला जाऊ नका. धापेत मान खाली घालून येणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही.